पाचट कुजले काय आणि जळले काय, कार्बन हवेतच जाणार असेल तर फरक कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कृष्णाकाठची मध्यम काळी जमीन, एक एकर ऊस, आणि तीन वर्षांपासून पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, न पेटवता सरीत कुजवणे सुरू आहे. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे सजीवांच्या अवशेषांतून मातीत आलेला कार्बन, आधी ०.४२ टक्के होता, तो आता ०.४५ आला. तुमचे चुलते म्हणतात की कुजलेल्या पाचटातला कार्बनही शेवटी हवेतच जातो, मग मजुरी आणि युरियाचा खर्च कशाला करायचा? त्यातच गावात एक गृहस्थ येऊन कार्बन क्रेडिटचे, म्हणजे हवेत जाणारा कार्बन रोखल्याबद्दलचे, पैसे मिळतील असे सांगून गेले आहेत. चुलत्यांचे म्हणणे खरे आहे का आणि करारावर सही करावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी पंचवीसहून अधिक वर्षे माती परीक्षणाच्या कामात आहे आणि हा प्रश्न मला शेतावर, प्रयोगशाळेत, लग्नाच्या मांडवातही अनेकांनी विचारला आहे. तो वरवर पाचटाचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ कार्बन कसा फिरतो याचा आहे. म्हणून आधी एक गोष्ट मान्य करतो. चुलते जे म्हणतात ते शास्त्राच्या दृष्टीने मोठ्या प्रमाणात बरोबर आहे. उसाने पानांत साठवलेला कार्बन वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतच होता, आणि पाचट कुजवले तरी त्यातला बहुतांश कार्बन वर्षभरात सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून पुन्हा हवेत जातो. "पाचट कुजवा म्हणजे सगळा कर्ब मातीत राहील" असे कोणी तुम्हाला सांगितले असेल, तर ते चुकीचे आहे. फरक आहे तो मागे उरणाऱ्या थोड्या भागात, हवेत जाईपर्यंत तो कार्बन कोणत्या वाटेने जातो त्यात, आणि त्याला किती काळ लागतो यात.

पुढे जे आकडे देतो आहे ते मध्यम काळ्या, पाटपाण्याच्या जमिनीसाठी धरले आहेत. मुरमाड जमीन, ठिबक, वारंवार नांगरट किंवा पाणथळ भाग असेल तर ते बदलतील. हिशेबाची पद्धत मात्र तीच राहील आणि ती तुम्ही स्वतः वापरू शकाल.

एका एकरात वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरात साधारण ८०० टन माती असते. तिच्यात ०.४२ टक्के सेंद्रिय कर्ब म्हणजे सुमारे ३.४ टन कार्बन. ही तुमची शिल्लक. तुमच्या एकरातून ऊस तुटल्यावर चार टन पाचट राहते असे धरू; त्यात ४० टक्क्यांच्या आसपास कार्बन, म्हणजे सुमारे १.६ टन. आपल्याकडच्या उष्णतेत आणि ओलाव्यात त्यापैकी सात-आठ भागांतील एक भागच वर्षअखेर मातीशी एकरूप होऊन उरतो, असा माझा अनुभवावर आधारलेला अंदाज आहे. ही आवक झाली सुमारे २०० किलो. आता खर्च. मातीत आधीपासून असलेल्या कर्बापैकी दरवर्षी तीनेक टक्के सूक्ष्मजीव खाऊन संपवतात, म्हणजे सुमारे १०० किलो. उसाची मुळे आणि बुडखे यांमुळे काही भर पडते, तर नांगरटीने मातीचे कण फुटून काही जास्तीचा कर्ब हवेला लागतो. सोपेपणासाठी या दोन बाबी एकमेकींना काटतात असे समजू. तेव्हा निव्वळ शिल्लक वर्षाला १०० किलोने वाढते. आठशे टन मातीत १०० किलो म्हणजे ०.०१२ टक्के. तीन वर्षांत ०.०४ टक्क्यांच्या आत-बाहेर.

तुमच्या अहवालात तीन वर्षांत ०.०३ ची वाढ दिसते आहे. म्हणजे तुमचे काही चुकलेले नाही. वाढ होते तीच इतक्या हळू. त्या ०.०३ वर किती विसंबायचे याबद्दल पुढे लिहितो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फारशी कोणी सांगत नाही. शिल्लक वाढत गेली की तीन टक्क्यांचा खर्चही वाढतो. आवक २०० किलोच राहिली तर कर्ब साडेसहा टनांच्या पुढेमागे, म्हणजे ०.८ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबेल, कारण तिथे आवक आणि खर्च सारखे होतात. तिथपर्यंत पोहोचायला दशके लागतील. आणि पाचट घालणे बंद केले की शिल्लक पुन्हा उतरू लागेल. मातीतला कर्ब पाण्याच्या हौदासारखा आहे. वरून तोटी चालू असते आणि खालून गळतही असते.

उतरणीचा वेगही मात्र मंद असतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात बार्लीचा एक प्रयोग १८५२ पासून चालू आहे. त्यातील एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत दिले आणि नंतर ते कायमचे थांबवले. त्याच्या शेजारी कधीच खत न मिळालेला तुकडा आहे. त्या वीस वर्षांच्या खताचा कर्ब शंभराहून अधिक वर्षांनंतरही शेजारच्या तुकड्यापेक्षा जास्त मोजला गेला. तिथली हवा थंड आहे, आपल्याकडे गळती कितीतरी वेगाने होते, हे ध्यानात ठेवूनच हे उदाहरण वाचावे; तरीही मातीला मिळालेला कर्ब एका पिढीहून अधिक काळ टिकू शकतो, हे त्यावरून दिसते. पाचट जाळल्यावर त्या कार्बनला हवेत जायला काही मिनिटे लागतात.

आता वाटेविषयी. जुलैत, पाऊस लागून तीन-चार आठवडे झाल्यावर, खोडव्याच्या (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाच्या) सरीतले पाचट एका ठिकाणी हाताने उचलून पाहा. वरचा थर अजून करकरीत आणि पिवळसर असतो, पण खालची पाने काळपट, ओली आणि चिमटीत तुटणारी झालेली असतात. पानापानांच्या मध्ये बुरशीचे पांढरे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले दिसतात आणि मातीला टेकलेल्या भागात गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या सापडतात. हवेत परत जाणारा तो १.४ टन कार्बन या सगळ्यांचे अन्न आहे. ते अन्न खाऊन हे जीव मातीचे कण चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ तयार करतात, गांडुळे पाणी मुरायला वाटा करतात, आणि त्यांच्या मृत शरीरांचा जो अंश चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहतो तोच पुढे तुमच्या अहवालात सेंद्रिय कर्ब म्हणून दिसतो. सध्याच्या संशोधनानुसार मातीत दीर्घकाळ टिकणारा कर्ब हा पाचटाचा जसाच्या तसा उरलेला भाग कमी आणि सूक्ष्मजीवांच्या देहांचा अंश अधिक असतो. कार्बन हवेतच गेला हे खरे, पण तो शेतात राबून गेला.

इथेच युरियाचा प्रश्न येतो. पाचटात कार्बन सुमारे ४० टक्के आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम ०.४५ टक्के, म्हणजे नव्वदास एक असे प्रमाण असते. मातीतल्या टिकाऊ सेंद्रिय पदार्थात ते दहा-बारास एक असते. त्यामुळे सूक्ष्मजीवांना पाचट पचवायला बाहेरून नत्र लागते आणि ते मिळाले नाही तर ते मातीतले उचलतात. मग खोडवा दीड-दोन महिने पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो की पाचटाने ऊस मारला. एक टन पाचटास आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू, ही आपल्याकडची नेहमीची शिफारस याचसाठी आहे. नत्राशिवाय कर्ब मातीत बांधला जात नाही, हे मी प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगतो.

चुलत्यांना युरियाचा खर्च खटकतो, म्हणून त्यांच्यासाठी एक आकडा देतो. चार टन पाचटात सुमारे १८ किलो नत्र असते. पाचट पेटवले की त्यातले जवळपास सगळे नत्र आणि बरेचसे गंधक धुरासोबत जाते. तुम्ही चार टनांवर टाकता त्या ३२ किलो युरियात नत्र असते पंधरा किलोंच्या आसपास. म्हणजे तुम्ही जेवढे नत्र विकत आणून घालता, त्याहून थोडे जास्तच पेटवणारा माणूस दरवर्षी हवेत सोडतो आणि नंतर तेही खत म्हणून विकत आणतो. पालाश आणि स्फुरद राखेत उरतात, पण उघड्या सरीतली राख वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने किती जागेवर राहते ते तुम्ही पाहिलेच असेल. शिवाय उघड्यावरच्या जाळात कार्बन पूर्ण जळत नाही. कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड, थोडा मिथेन आणि काजळी निघते. जाळातून काही कोळसा मागे राहतो आणि तो मातीत फार काळ टिकतो हेही मी लपवणार नाही, पण पाचटाच्या झटपट जाळात त्याचे प्रमाण इतके थोडे असते की त्यासाठी जाळण्याचे समर्थन होत नाही.

चुलत्यांच्या युक्तिवादाचेच मोठे रूप वर्तमानपत्रांत आणि फोनवरच्या संदेशांतही वाचायला मिळते, म्हणून त्याकडे वळतो. झाडे, माती आणि प्राणी दरवर्षी माणसापेक्षा कितीतरी जास्त कार्बन हवेत सोडतात, मग माणसाच्या दहा अब्ज टनांनी काय होणार, असा तो युक्तिवाद आहे. त्यातले आकडे बहुधा बरोबर असतात. जमिनीवरील वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने वर्षाला सव्वाशे अब्ज टनांच्या आसपास कार्बन हवेतून घेतात आणि श्वसन व कुजणे यांतून जवळपास तेवढाच परत जातो. आपल्या हिशेबातील पाचट याच देवघेवीचा भाग आहे. ऊस वाढतो, तुटतो, कुजतो, पुन्हा वाढतो. हे चक्र वर्षा-दोन वर्षांचे आहे आणि त्यातून हवेतला एकूण साठा वाढत नाही. कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणारे बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, हेही याच चक्रातले.

चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा मात्र या चक्रातला नाही. तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा आहे आणि तेव्हापासून तो खडकाखाली बंद होता. तो बाहेर काढून जाळला की आजच्या हवा, माती आणि समुद्र यांच्या देवघेवीत नवा कार्बन येतो, जो परत खडकात जायला हजारो नव्हे तर लाखो वर्षे लागतात. जगात कोळसा, तेल आणि वायू यांतून दरवर्षी सुमारे दहा अब्ज टन कार्बन असा येतो, आणि जंगलतोड व जमिनीच्या बदललेल्या वापरातून आणखी एक अब्ज टनांच्या आसपास. त्यातला अर्धा भाग समुद्र आणि जमिनीवरील वनस्पती-माती मिळून उचलतात. उरलेला हवेत साचतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० होता. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता आणि २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे गेली. आपल्या किनाऱ्यावर, गोव्याच्या काबो द राम येथे, १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेले. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा आणि हिवाळ्यात जमिनीवरून जाणारी हवा यांतला फरक तिथे स्पष्ट दिसला.

ही वाढ माणसाची आहे हे कशावरून, असेही कोणी विचारील. सजीवांत आणि हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो आणि तो सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो उरलेलाच नसतो. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या खोडातील वर्तुळांवरून दाखवून दिले की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होत चालले आहे, म्हणजे कार्बन-१४ नसलेला जुना कार्बन हवेत मिसळतो आहे. तुमच्या पाचटाच्या धुरातला कार्बन हा असा जुना नाही. म्हणून पाचट जाळणारा शेतकरी हवामान बदलाचा मुख्य गुन्हेगार आहे असे मी कधीही म्हणत नाही. त्याचे पहिले नुकसान त्याच्याच जमिनीचे आणि शेजाऱ्यांच्या छातीचे आहे.

याच कारणाने कार्बन क्रेडिटकडेही थंड डोक्याने पाहावे लागते. तुमच्या एकरात कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर ८०० किलो कार्बन साठला, आणि कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत तो सुमारे २.९ टन. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. वर केलेल्या हिशेबाने ०.१ टक्का वाढायला आठ-दहा वर्षे लागतात, म्हणजे त्या सगळ्या काळात एकरी तीन क्रेडिट. साधारण अकराशे लिटर डिझेल जाळल्यावर तेवढाच वायू बाहेर पडतो. गावात आलेल्या गृहस्थांनी एकरी-दरसाल जो आकडा सांगितला असेल तो या हिशेबाशेजारी ठेवून पाहा. मातीच्या कर्बापेक्षा वेगळ्या कशाचे क्रेडिट असेल, उदाहरणार्थ जाळणे टाळल्याचे, तर तसे करारात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. करार किती वर्षांचा आहे, मोजणीचा खर्च कोणाचा, मध्येच ऊस मोडून खोल नांगरट केली किंवा जमीन वाटून गेली तर काय, आणि तुम्ही तीन वर्षे आधीपासूनच पाचट कुजवता आहात तर ते काम नवे म्हणून धरले जाणार का, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. क्रेडिट मिळो न मिळो, पाचटाचा खरा मोबदला पाण्याच्या एखाद-दुसऱ्या वाचलेल्या पाळीत आणि जिवंत राहिलेल्या मातीत आहे.

एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. पाचटावर युरिया टाकून सरीत पाणी तुंबवून ठेवू नका. हवा न मिळालेल्या ओल्या मातीत नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन निघतो, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो. कृष्णाकाठच्या भारी जमिनीत पाट सोडून घरी जाण्याची सवय आहे. तिच्यामुळे वर्षभराची कर्बाची कमाई या वायूपायी निघून जाऊ शकते. हलके पाणी आणि निचरा हवाच.

शेवटी त्या ०.०३ कडे येतो. बहुतेक प्रयोगशाळांत सेंद्रिय कर्ब १९३४ सालच्या वॉकली आणि ब्लॅक यांच्या पद्धतीने मोजतात. बारीक चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण आणि तीव्र गंधकाम्ल घालतात, शंकुपात्र हाताला चटका बसेल इतके तापते, अर्धा तास थांबून पाणी घालतात आणि मग ब्युरेट या मोजनळीतून दुसरे द्रावण थेंब थेंब सोडतात. द्रावण जांभळट निळे होते आणि एका थेंबासरशी हिरवे. तो एक थेंब कमी-जास्त झाला, मातीत पाचटाचा एखादा तुकडा चाळणीतून निसटला, किंवा नमुना दोन इंच खालून घेतला गेला की आकडा बदलतो. शिवाय या पद्धतीत सगळा कर्ब सापडत नाही. सरासरी ७७ टक्के सापडतो असे धरून १.३ ने गुणले जाते. एकाच पिशवीतली माती दोनदा तपासल्यावर ०.०३ ते ०.०५ चा फरक मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. म्हणून ०.४२ वरून ०.४५ ला वाढ म्हणू नका आणि अपयशही म्हणू नका. तुमच्या जमिनीत चुनखडीचे खडे असतील तर तेही कार्बनच आहेत, पण ते या मोजणीत येत नाहीत आणि येऊही नयेत. एखादी प्रयोगशाळा एकूण कार्बन जाळून मोजत असेल तर चुनखडी वजा केली का, हे अवश्य विचारा.

दोन अहवालांची तुलना करण्यापेक्षा शेतातच तुलना करा. पुढचा खोडवा राखताना एका कडेच्या चार सऱ्यांतले पाचट उचलून दुसऱ्या शेताला द्या, बाकी सगळीकडे नेहमीप्रमाणे कुजवा, आणि बुडखे छाटणे, खत, पाणी दोन्हींकडे सारखे ठेवा. त्या चार सऱ्यांच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोका, कारण लाकडी खुंटी तिसऱ्या वर्षी सापडत नाही. चार-पाच वर्षांनी ऊस तुटल्यावर, खत टाकण्यापूर्वी, दोन्ही भागांतून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, वरचे पाचट बाजूला सारून. दोन्ही नमुने एकाच दिवशी एकाच प्रयोगशाळेत द्या आणि प्रत्येकाच्या दोन-दोन पिशव्या वेगळ्या क्रमांकांनी द्या, म्हणजे मोजणीतली चूक किती तेही कळेल. खड्डे घेताना चुलत्यांना सोबत न्या आणि दोन्हीकडची माती त्यांच्या हातात द्या. त्यांनी आयुष्यभर जमीन कसली आहे, कोणत्या मुठीतली माती जास्त भुसभुशीत आहे हे ते अहवाल येण्याआधीच सांगतील.